एका मादीवरून काही ठरत नाही

बिलोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झाले, तेव्हा बाबांना मी सांगितलं होतं, दोन-तीन वर्षांत लातूरला बदली करून घेते. आमच्या संस्थेचं लातूरला कॉलेजच नव्हतं. म्हणजे बदली कुठून होणार, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत असावं. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत शिपाई म्हणून त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. कुठला अर्ज कुठे जाऊन पडतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. ते एवढंच म्हणाले, "जा बाई. पक्की नोकरी हाय. आसली नोकरी सोडायची नसती."

आई मी एम.एस्सी. करत असतानाच गेली होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा राहिलं. मग त्याबद्दल बोलणारे नातेवाईकही हळूहळू बोलायचे थांबले. लातूरला दोन खोल्यांत बाबा आणि बिलोलीला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी, असं आमचं घर दोन जिल्ह्यांत वाटलेलं होतं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी एसटी धरायची. नायगाव, नांदेड, लोहा, अहमदपूर. घरी पोचेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. रविवारी बाबांचे कपडे, भांडी, औषधं बघायची आणि सोमवारी पहाटे परतीची गाडी. ज्या आठवड्यात जाणं जमायचं नाही, त्या सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घेताना माझा आवाज घोगरा निघायचा. शनिवारपासून मी कुणाशी बोललेलेच नसायचे.

माझी पीएच.डी. कापसावरच्या किडींवर झाली. मराठवाड्यात कीटकांवर काम करायचं तर सगळे कापसाकडे, नाहीतर तुरीकडे वळतात. त्यावर फवारणी असते, प्रश्न असतात, लोक विचारतात. माझा प्रबंध परीक्षकांनंतर कुणी उघडला असेल असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर, लिहून झाल्यावर मीही तो उघडला नाही. म्हणून पुढे जे काही घडलं, ते शिक्षणातून घडलं असं म्हणता येणार नाही. ते एका सहलीतून घडलं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन आम्ही इस्लापूरला गेलो होतो. ऑगस्ट संपत आला होता आणि सहस्रकुंडाचा धबधबा भरून कोसळत होता. मुलं-मुली फोटो काढायला पुढे पळाली, त्यांच्या मागे दोन सहकारी गेले. मला पाण्याच्या त्या आवाजात उभं राहवेना. मी मागे राहिले आणि सागाच्या झाडांखाली, ओल्या पाचोळ्यात, सवयीने दगड उलटवत बसले. चौथ्या की पाचव्या दगडाखाली ती होती.

वाणी सगळ्यांना माहीत असतो. कुठे त्याला पैसा म्हणतात. लालसर किंवा काळा, खूप पायांचा, हात लावला की चकतीसारखा गुंडाळणारा. ही त्याच्याच कुळातली, पण निराळी. लांबी जेमतेम नखाएवढी, रंग भिजवलेल्या तांदळासारखा, पाठ चपटी, आणि प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना इवलेसे कंगोरे. डोळे नाहीत. या चपट्या पाठीच्या वाण्यांना डोळे नसतातच, मिशांनी चाचपडत ते सगळं आयुष्य काढतात. मी तिला उचललं तेव्हा बोटांना कडू बदामाचा वास आला. घाबरल्यावर ते तसा वास सोडतात. तो वास बसमध्ये नांदेडपर्यंत माझ्या हाताला होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरून मी तिची ओळख पटवायला बसले. त्यासाठी तक्ते असतात. एकेक प्रश्न विचारत ते आपल्याला पुढे नेतात. कडी किती? पाठ चपटी की गोल? कंगोरे आहेत की नाहीत? उत्तर दिलं की पुढचा प्रश्न. वर्ग, गण, कुळ असं करत आपण अरुंद गल्लीतून अजून अरुंद गल्लीत जातो आणि शेवटी एका दारापाशी थांबतो. मी सातव्या कड्याच्या प्रश्नापाशी थांबले. या कड्यावर नराच्या पायांची एक जोडी चालायच्या कामाची नसते. मिलनासाठी तिचा आकार पार बदललेला असतो, आणि तो आकार प्रत्येक जातीचा वेगळा. बाकी शरीर शंभर जातींचं सारखं दिसलं तरी तिथे फरक कळतो. माझ्याजवळची मादी होती. तिचे सातव्या कड्यावरचे सगळे पाय चालायचेच होते.

या प्राण्यांचे देशात फार थोडे जाणकार आहेत. दक्षिणेतल्या एका शहरात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता मी मिळवला आणि फोटो काढून पाठवले. ते इंग्रजीत लिहायचे आणि बोलायचे, मी इथे मराठीत सांगते आहे. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'आपल्या भागातून असं काही नोंदलेलं मी पाहिलेलं नाही. पण एका मादीवरून काही ठरत नाही. नर शोधा.'

बस, तेवढंच. मी ते पत्र कितीदा तरी वाचलं. नोकरी लागल्यापासून कुणीतरी मला पहिल्यांदाच एखादं काम सांगितलं होतं, जे माझ्याशिवाय दुसरं कुणी करणार नव्हतं.

त्या रविवारी लातूरला गेले तेव्हा बाबांना सांगितलं. ते पलंगावर बसून शेंगा सोलत होते.

"बाबा, मला बहुतेक नवीन जात सापडलीय."

त्यांचा हात थांबला. "काय सापडलं?"

"जात. किड्याची. आजवर कुणी नोंदलेली नाही अशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे, निळ्या कोटातल्या तसबिरीकडे त्यांची नजर गेली. "आजून एक?" ते म्हणाले. "हायत त्या काय कमी पडून राहिल्या व्हत्या?"

मला हसू आलं आणि लगेच ते गेलं. माझ्या आजोबांनी ज्या गोष्टीतून बाहेर पडायला धर्म बदलला, त्याच शब्दाने मी माझा आनंद सांगत होते. मराठीत दुसरा शब्दच नाही. पुस्तकातही जातच छापलेलं असतं आणि वर्गात मी रोज तेच शिकवते. मी बाबांना समजावू लागले, की इथे वरची-खालची असं काही नसतं, कोण कुणाचा नातेवाईक हे शोधायचं असतं, मागे जात जात सगळ्यांचा पूर्वज एकच निघतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "नातं हुडकायचं आसंल तर हुडक. पर कागदावर गाव, तालुका, तारीख, सापडवनाराचं नाव बराबर टाक. कचेरीत लोकांची जमीन गेली ती एवढ्याच्या पायी. नोंद न्हाई म्हनून."

पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "घावला का नर?"

नर घावत नव्हता. हे प्राणी वर्षातून काही आठवडेच मोठे होऊन वर दिसतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अर्धा होईपर्यंत. बाकीचे दिवस पिल्लं खोल मातीत असतात आणि पिल्लांवरून तर काहीच सांगता येत नाही. नेमके तेच आठवडे कॉलेजात अडकलेले असायचे. कधी प्रवेशाची कामं, कधी मूल्यांकनाची समिती येणार म्हणून भिंती रंगवणं, कधी मतदार याद्या. मला वर्षाला चार, फार तर पाच दिवस मिळायचे. नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी धरायची आणि इस्लापूरला उतरायचं. पहिल्या वर्षी दोन माद्या मिळाल्या. दुसऱ्या वर्षी सगळी पिल्लं. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला, काहीच नाही. कॉलेजात हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी एकदा स्टाफरूममध्ये सांगून बघितलं. एका सहकाऱ्याने विचारलं, "त्याचा उपयोग काय मॅडम?" त्यात काही वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढे मी तिथे तो विषय काढला नाही.

एक माणूस मात्र मला इस्लापूरला मिळालं. धबधब्याच्या अलीकडे, रानाला लागून शेवटच्या घरात एक मावशी राहायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा वारलेला, मुलगी आदिलाबादकडे दिलेली. पहिल्या वर्षी मी त्यांच्या ओट्यावर पाणी मागायला गेले, तेव्हा त्यांना वाटलं मी जंगल खात्याची. दुसऱ्या वर्षी वाटलं जडीबुटी शोधणारी. तिसऱ्या वर्षी मी त्यांना बरोबर आणलेली, बाटलीतली जुनी मादी दाखवली आणि खरं सांगितलं.

त्यांनी बाटली उन्हात धरून बघितली. "ही बाईच हाय हे कसं वळखलं?"

मी सातव्या कड्याचं सांगितलं.

"मंग आता बाप्या पायजे तुमाला?"

"हो. त्याच्याशिवाय नाव देता येत नाही."

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेजारच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून आल्या, त्यांनाही सांगितलं. "लगीन न्हाई केलं म्हनत्यात, अन् धा गावं वलांडून नर हुडकून राहिल्यात!" सगळ्या हसल्या. मीही हसले. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कितीतरी दिवसांत, खरं तर कितीतरी वर्षांत, मी बायकांमध्ये बसून अशी हसले नव्हते. परतीच्या गाडीत मात्र, का कोण जाणे, खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

त्यानंतर दरवर्षी मावशींच्याच घरी माझा डबा उघडायचा. त्या ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढायच्या. मी रानात बसले की त्या काटक्या गोळा करता करता माझ्या आसपास असायच्या. फार बोलायच्या नाहीत. दगड उलटला की परत तसाच ठेवायचा, ओल मोडायची नाही, हे त्यांना एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. एकदा मला म्हणाल्या, "तुमी येता त्ये चार दिस बरं वाटतं. न्हाईतर म्या आन् ही शेळी."

सहाव्या वर्षी, जुलैच्या शेवटी, बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ झाला. मी बिनपगारी रजा टाकली आणि लातूरला दवाखान्यात त्यांच्याजवळ राहिले. लोखंडी खाट, खिडकीबाहेर निलगिरीचं झाड, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला येणारं त्याचं सगळं गणगोत. आमच्या खाटेपाशी मी एकटी. शेजारच्यांच्या लक्षात आलं की ते आम्हालाही चहा द्यायचे.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी बाबांनी विचारलं, "आज तारीख काय?"

मी सांगितली.

"मग तू हितं काय करून राहिलीस? तुझे दिस हेच हायत ना?"

"या वर्षी नाही जात बाबा."

"जा की. मी काय पळून चाललो का?" त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जा, परवा ये. ही शेजारची माणसं भली हायत."

मी गेले नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाईन. त्यांनी मान हलवली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, मी त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. मला आधी कळलंच नाही. मी ओला टॉवेल पिळून परत त्यांच्या कपाळाशी नेला आणि तेव्हा कळलं.

लोक आले, बुद्धवंदना झाली, लोक गेले. घर मालकाला परत द्यायचं होतं. बाबांचं सामान एका लोखंडी पेटीत आणि दोन पिशव्यांत बसलं. ते घेऊन मी बिलोलीला आले. पहिल्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर माझे पाय आपोआप बस स्टँडवर गेले. लातूर लागलेलं होतं. मी फलाटावर उभी राहिले आणि गाडी सुटल्यावर खोलीवर परतले. पुढचा शनिवारही तसाच गेला. शनिवारचं काय करायचं, हे मला तेव्हा येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुट्टीत, मी इस्लापूरला गेले. पाचोळा वाळला होता, माती तडकायला लागली होती. काही मिळणार नाही हे माहीत होतं. खरं म्हणजे मी मावशींच्या ओट्यावर बसायला गेले होते.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. पाणी दिलं. मी बाबांचं सांगितलं. त्या माझ्याजवळ बसून राहिल्या, बराच वेळ. मग उठल्या, आत गेल्या आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आल्या. झाकणाला चिंधी बांधलेली.

"तुमी आल्या न्हाईत म्हनून म्याच हुडकले," त्या म्हणाल्या. "दगूड उचलून परत जागच्या जागी ठिवले बगा. ईस-बावीस आसतील. चांगले वळवळ करत व्हते."

मी बाटली हातात घेतली. आत स्पिरिट नव्हतं, ते कुठून असणार. दीड महिना ती बाटली कोनाड्यात राहिली होती. तळाला पांढुरका चुरा होता. कडी सुटी झालेली, पाय गळालेले, एकही पूर्ण नाही. मला रडू आलं. मावशी घाबरल्या. "चुकलं का माझं? जित्ते नव्हते का ठिवायचे?"

"नाही मावशी, चुकलं नाही. तुम्ही शोधलेत," मी म्हणाले. सहा पावसाळ्यांत माझ्यासाठी असा शोध दुसऱ्या कुणी घेतला नव्हता. आणि त्याचा चुरा झाला होता.

बाटली मी पर्समध्ये न ठेवता हातात धरून आणली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि तो चुरा कोमट पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून, भिजत ठेवला. या प्राण्यांचं कवच चुन्याचं असतं, सुकलं तरी आकार सोडत नाही. दुपारपर्यंत कडी मऊ झाली. मग सुईने एकेक तुकडा वेगळा करत बसले. डोकी, शेपटाकडची टोकं, रिकामी कडी. मादीचे तुकडे, पुन्हा मादीचे. साडेतीनच्या सुमारास चार कड्यांचा एक तुकडा उलटा केला. दुसऱ्या कड्यावर, जिथे पाय हवे होते तिथे, काहीतरी वाकडं होतं.

मी आधी खुर्ची मागे सरकवली. उठून खिडकी उघडली. मैदानात गाढवं चरत होती. परत येऊन बघितलं. होतं. कोयत्यासारखा वळलेला दांडा, टोकाला दोन फाटे, एका फाट्यावर केसाळ कडा. धुळीच्या कणाएवढं. दोन्ही बाजूंचं शाबूत.

मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, घावला." प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

मी चित्र काढलं. तीन दिवस लागले. ते दक्षिणेतल्या सरांना पाठवलं आणि उत्तर आलं नाही. महिना गेला. मग एका दुपारी फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमचं पाकीट माझ्यासमोर आहे," ते म्हणाले. "पण मला ते दिसत नाही. गेल्या वर्षापासून डोळे गेले. सून म्हणते, रेघा आहेत. तुम्हीच सांगा काय आहे ते."

"फोनवर?"

"मला घाई नाही. मुळापासून सुरू करा."

मी चित्र समोर घेतलं आणि सांगत गेले. दांडा कुठून निघतो, कुठे वळतो, किती वळतो. ते मधूनच विचारायचे. "फाटा आतल्या बाजूला की बाहेर?" "केस टोकापर्यंत की आधीच थांबतात?" "थांबा, पुन्हा सांगा." तासभर चाललं.

"अशा बांधणीचे मी बघितलेत," ते सावकाश म्हणाले. "सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला. त्यांचे जवळचे नातेवाईक समुद्रापलीकडे, मादागास्करमध्ये आहेत. मधल्या सगळ्या मुलखात कुणी नाही. निदान कुणी बघितलेलं नाही."

"मग हे इथे कसे आले?"

"हे कुठे येत-जात नाहीत हो. ओढा आला तरी अडतात. जमिनीवर पहिल्यांदा जे चालायला लागले, त्यांत यांचे पूर्वज होते, पण चाल अजून तीच. ते गेले नाहीत, त्यांच्या खालची जमीन फुटून गेली. मागे राहिले ते राहिले." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा दगड कुठला? काळा?"

"काळाच. पण तिथून पूर्वेला तो संपत येतो. आमच्या बिलोलीकडे तर गुलाबी-करडा कातळ आहे, ग्रॅनाइट."

"म्हणजे लाव्हाचा काठ," ते म्हणाले. "बाकी दख्खन त्या लाव्हाखाली जळालं तेव्हा काठाला काही वाचलं असेल. किंवा नसेलही. नंतर कधी सरकत आले असतील. हे मला सांगता येणार नाही, तुम्हाला शोधावं लागेल. एका तुकड्यावर लिहू नका. पुढच्या वर्षी अख्खा नर आणा."

फोन ठेवल्यावर मी गच्चीत गेले आणि गावाबाहेरच्या टेकड्यांकडे बघत उभी राहिले. रोज दिसणारे ते गोल गोल कातळ. मागे राहिले ते राहिले, हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट सरता सरता, मी गेले. मावशींच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, उन्हाळ्यात पाय सुजले, लेक येऊन घेऊन गेली, शेळी विकली. मी रानात गेले. नेहमीच्या जागी बसले, पहिला दगड उलटवला. तिथे दोन होते. बाटलीत घेऊन भिंगातून बघितलं. दोन्ही नर. अख्खे, जिवंत, मिशा हलवणारे. मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

सांगायला कुणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. पलीकडे धबधबा कोसळत होता आणि सहलीला आलेल्या मुलांचा ओरडा कानावर येत होता. मी दगड जागच्या जागी ठेवला, तिथेच मांडी घालून बसले आणि डब्यातली पोळी खाल्ली. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख लिहिली. सापडवणाऱ्याचं नाव लिहिताना माझं लिहिलं, आणि चुऱ्याच्या बाटलीच्या चिठ्ठीवर मावशींचं.

शोधनिबंध लिहायला आणि छापून यायला पुढे दोन वर्षं गेली. नाव मी इस्लापूरवरून ठेवलं. सरांना आवडलं. छापायच्या आधी मी त्यांना सगळं वर्णन फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या. कॉलेजात प्राचार्यांनी गुच्छ दिला आणि भाषणात मी बुरशी शोधल्याचं त्यांनी सांगितलं. एका स्थानिक पेपरात बातमी आली, शेजारी गोमेचा फोटो होता. स्टाफरूममधल्या ज्या सहकाऱ्याने उपयोग विचारला होता, त्याने ते कात्रण कापून मला आणून दिलं. म्हणाला, "मॅडम, फोटो चुकलाय ना? मी आपला नेटवर बघितला." ते मला बरं वाटलं.

मावशींच्या लेकीचा नंबर शेजारणीकडून मिळवायला बरेच दिवस लागले. फोन लागला तेव्हा लेक तेलुगूत कुणाशी तरी बोलत होती. मग मावशी फोनवर आल्या. आवाज बारीक झाला होता.

"मावशी, मी बिलोलीची. नर सापडला. छापून आलं. तुमचं नावही आहे त्यात, पहिला तुम्हाला मिळाला असं."

"त्या चुऱ्यात?"

"त्याच चुऱ्यात."

"बगा," त्या म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी टीव्ही लावला होता. मग त्यांनी विचारलं, "मंग आता तुमी इस्लापूरला जानार न्हाईत म्हना."

"जाईन की. अजून बरंच बघायचंय."

"कुटं बसून भाकर खाता?"

"रानातच."

"आमचा वटा मोकळाच हाय," त्या म्हणाल्या. "कुलूप दाराला हाय, वट्याला न्हाई. तिथं बसत जा."